स्कॉलरशिप वेगळी, बर्सरी वेगळी

लेख आवडला, पण इंग्लंडमधल्या मुलींच्या खासगी शाळांबद्दल ‘स्कॉलरशिप मिळाली की फीचा प्रश्न सुटला’ असं जे त्यात म्हटलंय, ते पालकांना महागात पडेल. तिथे स्कॉलरशिप गुणवत्तेवर मिळते आणि बहुतेक शाळांत फीचा छोटासा भागच कमी होतो. खरा आधार बर्सरीचा, म्हणजे गरजेनुसार मिळणाऱ्या फीसवलतीचा. ती घरच्या उत्पन्नावर ठरते, काही शाळांत 100 टक्क्यांपर्यंतही जाते. मात्र दरवर्षी कागदपत्रं पुन्हा तपासतात आणि उत्पन्न वाढलं की सवलत घटते.

चूक होते ती वेळेची. इयर 7 च्या (अकरा वर्षांच्या मुलींच्या वर्गाच्या) प्रवेशपरीक्षा साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत असतात, पण बर्सरीचा अर्ज बहुधा परीक्षेआधीच, नावनोंदणीच्या सुमारास द्यावा लागतो. निकालानंतर विचारलं तर निधी बहुतेक वाटून झालेला असतो. पी 60 (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), बँकेची स्टेटमेंट्स, गृहकर्ज आणि बचतीचे तपशील उन्हाळ्याच्या सुट्टीतच जमवून ठेवा, कृपया!

जानेवारी 2025 पासून फीवर 20 टक्के व्हॅट आहे, हिशेब तो धरूनच करा. सहली, वाद्याचे तास वेगळे. करारातलं नोटिशीचं कलमही वाचा: मुलीला शाळेतून काढायचं तर सहसा एक पूर्ण सत्र आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर त्या सत्राची फी द्यावी लागते.