‘इंच आणि ओहम जुळव, वॅट जास्त घे’: जुन्या अँपच्या स्पीकरबद्दलचा हा सल्ला मानू नका

जुन्या ट्यूब अँपचा स्पीकर फाटला किंवा घरघरू लागला की गिटारवाल्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो. ‘तेवढ्याच इंचाचा, तेवढ्याच ओहमचा नवा स्पीकर घे. वॅट जितके जास्त तितकं बरं. विंटेज आवाज हवा असेल तर अल्निको मॅग्नेटचा घे. जुना टाकून दे.’ (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध; अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेला चुंबकाचा मिश्रधातू.) ऐकायला सोपा आहे, म्हणून पसरतो. पण गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्‌झच्या वर झपाट्याने उतरतो आणि त्यामुळेच ओव्हरड्राइव्हची, म्हणजे अँप ताणून वाजवल्यावर फाटणाऱ्या आवाजाची, करकर गाळून निघते. अँपच्या स्वभावाचा मोठा हिस्सा स्पीकरच्या थरथरणाऱ्या कागदी कोनात असतो. तो इतक्या निष्काळजीपणे बदलला की चांगले अँप निर्जीव वाजू लागतात, आणि दोष मात्र ट्यूबला दिला जातो.

‘वॅट जितके जास्त तितकं बरं.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. वॅटचा आकडा स्पीकर किती ताकद सोसतो, म्हणजे मुख्यतः त्याची व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) किती उष्णता झेलते, एवढंच सांगतो. आवाज किती मोठा येईल ते कळतं सेन्सिटिव्हिटीवरून: १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल. सेलेस्टिऑनचा अल्निको ब्लू फक्त १५ वॅटचा, पण त्याची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल आहे. त्याच कंपनीचा सेव्हंटी ८० हा ८० वॅटचा, आणि सेन्सिटिव्हिटी ९८. म्हणजे त्याच अँपवर १५ वॅटचा स्पीकर मोठा वाजतो. हा २ डेसिबलचा फरक भरून काढायला अँपची ताकद दीडपटीहून जास्त लागेल, आणि ३ डेसिबलसाठी थेट दुप्पट. नावावरही जाऊ नका. व्हिंटेज ३० हा स्पीकर ६० वॅटचा आहे.

सल्ला देणाऱ्यांची भीती मात्र खरी आहे. अँपवर लिहिलेले वॅट हे आवाज स्वच्छ असेपर्यंतचे असतात. ट्यूब पुरत्या तापवून, व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊन वाजवलं तर तोच अँप त्याच्या दुपटीच्या जवळपास जाऊ शकतो. २२ वॅटच्या फेंडर डिलक्स रिव्हर्बमध्ये एकटा ब्लू लावून तसं वाजवणं म्हणजे कॉइल जाळायची तयारी. एकच स्पीकर असेल तर अँपच्या दुप्पट क्षमता बघावी, असं माझं मत. पण त्यापुढे जाऊन फेंडरच्याच १२-१५ वॅटच्या जुन्या ट्वीड डिलक्समध्ये २०० वॅटचा ईव्हीएम१२एल स्पीकर बसवला तर काय होईल? त्या अँपमध्ये मूळचा जेन्सन कंपनीचा पी१२आर स्पीकर हलक्या कोनाचा. जोरात वाजवलं की तो स्वतःही थोडा फाटतो आणि तो ब्रेकअप त्या अँपच्या आवाजाचाच भाग असतो. ईव्हीएमचा कोन तेवढ्या ताकदीला जागासुद्धा होत नाही. शिवाय वजन ८ किलोच्या वर, आणि ट्वीड काळातला बॅफल (स्पीकर बसवतात ती फळी) पातळ प्लायचा, फक्त वर आणि खाली पकडलेला. ज्याला शेवटपर्यंत स्वच्छ आवाज हवा त्याने मजबूत बॅफलच्या मोठ्या अँपमध्ये असा स्पीकर जरूर लावावा; १९६० च्या दशकात फेंडरमध्ये जेबीएल डी१२०एफ स्पीकर याच कारणासाठी पसंत केले जात. पण ती निवड झाली, सर्वांसाठीचा नियम नव्हे.

‘तेवढ्याच ओहमचा घे.’ कशाच्या तेवढ्याच? बहुतेक जण काढलेल्या स्पीकरवरचा आकडा बघतात. पन्नास-साठ वर्षांच्या अँपमधला स्पीकर आधीच कुणीतरी बदललेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्यानेही चुकीचा लावलेला असू शकतो. जुळवायचं ते अँपची ताकद स्पीकरपर्यंत पोचवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरशी. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बला ४ ओहम लागतात, म्हणून ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरललमध्ये, म्हणजे दोन्ही त्याच दोन तारांना थेट जोडून. सुपर रिव्हर्बला २ ओहम, म्हणून ८ चे चार, सगळे पॅरलल. तिथे दोन नवे आणि दोन जुने मिसळताना एखादा १६ ओहमचा आला की ताकद सारखी वाटली जात नाही. मल्टिमीटरने मोजलं तर ८ ओहमचा स्पीकर सहा-साडेसहाच दाखवतो. तो खराब नसतो, मीटर फक्त तारेचा डीसी रोध दाखवतो. आणि कुठल्याही कारणाने ट्यूब अँप स्पीकर न जोडता वाजवू नका. ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा व्होल्टेज त्याचं इन्सुलेशन फोडू शकतो.

‘तेवढ्याच इंचाचा’ हे बरोबर, पण अपुरं. मॅग्नेट किती खोल आहे तेही मोजा, नाहीतर तो ट्रान्सफॉर्मरला किंवा ट्यूबला टेकतो.

एका जातीच्या अँपला तर हा सल्ला धोकादायकच ठरतो. १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या बऱ्याच अँपमध्ये फील्ड कॉइल स्पीकर असत. त्यांना कायमचं मॅग्नेट नसतं. विजेवर चालणारं चुंबक असतं, आणि त्याची कॉइल बहुधा अँपच्या पॉवर सप्लायमध्ये चोकचं, म्हणजे विजेतली गुणगुण गाळण्याचं, काम करते. स्पीकरला दोनऐवजी चार-पाच तारा दिसल्या की थांबा. तिथे साधा स्पीकर लावायचा तर त्या कॉइलच्या जागी योग्य चोक किंवा रेझिस्टर हवाच, नाहीतर अँप चालणार नाही किंवा आतले व्होल्टेज बिघडतील. त्या तारांवर जीवघेणा व्होल्टेज असतो. हे काम जाणकार तंत्रज्ञाचंच.

‘विंटेज आवाजासाठी अल्निको.’ जेन्सनचे पी१२आर, पी१२क्यू आणि पी१२एन हे तिन्ही अल्निको, तिन्ही १२ इंची. पण व्हॉइस कॉइल अनुक्रमे १, सव्वा आणि दीड इंचाची, आणि आवाज तिघांचे वेगळे. मॅग्नेटच सगळं ठरवत असतं तर हा फरक पडला नसता. कोनाचा कागद, त्याच्या कडा, मधलं टोपण (डस्ट कॅप) यांचा वाटा कमी नाही. शिवाय १९६० च्या दशकातले मार्शल कॅबिनेट सेलेस्टिऑनच्या ज्या ग्रीनबॅक स्पीकरमुळे गाजले ते सिरॅमिक मॅग्नेटचेच होते, आणि जेन्सनच्या सी मालिकेतले सिरॅमिक स्पीकर त्याच काळातल्या फेंडरमध्ये सर्रास सापडतात. तुमच्या अँपमध्ये मूळचं सिरॅमिक असेल तर अल्निको लावून तुम्ही मूळ आवाजापासून दूरच जाल.

राहिलं ‘जुना टाकून दे’. आधी तो खरंच गेलाय का ते तपासा. योग्य ओहमच्या दुसऱ्या कॅबिनेटवर अँप वाजवून बघा. घरघर ढिल्या स्क्रूची, सुटलेल्या बॅफलची किंवा ट्यूबचीही असते. अँप बंद असताना दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ, समान दाबून बघा: खरखर आली तर कॉइल घासतेय. लहान चीर पातळ कागद आणि लवचिक गोंदाने वर्षानुवर्षं धरते. कॉइलच जळली असेल तर रीकोन होतो, म्हणजे त्याच सांगाड्यात नवी कॉइल आणि कोन बसतो, फक्त कोन मूळ जातीचा मागा. हलक्या जेन्सनला जाड कोन चढवला की केवळ सांगाडा जुना उरतो. सांगाड्यावरचा कोडही जपण्यासारखा आहे. २२० ने सुरू होणारा जेन्सनचा, ४६५ चा ऑक्सफर्ड या स्पीकर कंपनीचा; पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात आणि त्यावरून अँप मूळ स्थितीत आहे का हे ताडता येतं. काढलेला स्पीकर कोनावर पुठ्ठा बांधून, लोखंडाच्या किसापासून लांब ठेवा. तो कीस एकदा मॅग्नेटच्या फटीत शिरला की काढता काढता नाकी नऊ येतात.