सायकलच्या बजेटमधले दहा हजार बाजूला ठेवा

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मावशी, एमटीबी घ्यायचीये, बजेट ७० हजार आहे, कोणती घेऊ?" एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायची सायकल. मग पुढचा अर्धा तास तोच मला सांगत होता, पुढच्या फोर्कला, म्हणजे शॉकॲब्झॉर्बरला, ट्रॅव्हल किती हवं, त्यात एअर की कॉइल स्प्रिंग, मागे बारा गिअर की दहा, यूट्यूबवर सगळं बघून झालेलं होतं त्याचं. मी म्हटलं घे रे बाबा, पण ६० ची घे आणि वरचे १० हजार हातात ठेव, त्यातून पंप, ॲलन कीचा सेट, चेन तोडायचं टूल, चेन मोजायची पट्टी, ब्रश, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या आणि एक डिरेलर हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) एवढं पहिल्याच आठवड्यात घेऊन टाक. तिकडून आवाजच येईना. त्याला वाटलं असणार मावशी काटकसरीचं लेक्चर देतेय. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, कारण हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतच असतं आणि दरवेळी फोनवर हे सगळं सांगून होत नाही.

मी ९ वर्षं एमटीबी चालवतेय. पुण्यात कोथरूडला राहते त्यामुळे वेताळ टेकडी दाराशीच. बँकेत नोकरी, म्हणजे आठवड्यात दोन दिवस सकाळी सहा ते साडेसात आणि शनिवार-रविवारपैकी एक दिवस जरा लांब, मुळशीकडे नाहीतर सिंहगडाच्या पायथ्याच्या गावांमधून, कधी लोणावळ्याला जाऊन राजमाची. एवढंच माझं सायकलिंग. कुठल्या रेसमध्ये नाही, लडाखलाही अजून गेले नाही. पण या ९ वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलीये की आपल्या सह्याद्रीत सायकल कितीची घेतली याने फार काही होत नाही, घरी आल्यावरच्या अर्ध्या तासात तुम्ही तिचं काय करता यावर सगळं आहे.

२०२५ चं सांगते. राजमाचीला काजवे बघायला जायचं मेच्या शेवटी असं आमच्या पाच जणांचं ठरलेलं. लोणावळ्याहून तुंगार्लीकडून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत साधारण १५ किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, कोरडा असेल तर निवांत राईड. पण त्या वर्षी पाऊस २६ मे लाच मुंबई-पुण्यात पोचला, जूनची वाटच बघितली नाही त्याने. आम्ही म्हटलं चला तसंच जाऊ, आणि जाताना मजा आली खरंच, धुकं, ओढे नुकतेच वाहायला लागलेले, मातीचा वास. मुक्काम केला, गरमागरम भाकरी-पिठलं खाल्लं. दुसऱ्या दिवशी परत निघालो आणि साताठ किलोमीटरवर माझ्या मागच्या ब्रेकचा लिव्हर थेट ग्रिपला टेकायला लागला, आणि चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा असा आवाज की दात शिवशिवावेत. उतरून बघितलं तर पॅडचं मटेरिअल संपलेलं. पूर्ण. नुसती पाठीमागची धातूची पट्टी डिस्कवर घासत होती.

झालं काय होतं की माझे पॅड होते रेझिनचे. कोरड्यात छान चालतात, आवाज करत नाहीत, पण मुरमाच्या चिखलात जी बारीक कच असते ती पॉलिश पेपरसारखी पॅड खाऊन टाकते, अर्धे झिजलेले पॅड एका ओल्या राईडमध्ये संपू शकतात. पावसाळ्यात मेटलचे पॅड लावायचे हे मला माहीत होतं, ड्रॉवरमध्ये जोडी पडलेलीही होती. जूनमध्ये बदलू असं मनात. सोबतच्या एकाकडे स्पेअर होती पण त्याचा कॅलिपर (पॅड धरणारा ब्रेकचा भाग) वेगळा, पॅडचा आकारच वेगळा, बसेचना. मग उरलेला सगळा उतार फक्त पुढच्या ब्रेकवर, आणि जिथे तीव्र होता तिथे सायकल हातात धरून चालत. साडेदहाला लोणावळ्यात पोचायचं तिथे दीड वाजला, चौघंही माझ्यासाठी थांबत थांबत आले. त्या दिवसापासून पॅडची जोडी माझ्या पाऊचमध्ये कायम असते. वजन काहीच नसतं हो तिचं, काडेपेटीपेक्षा लहान वस्तू आहे.

लोकांना वाटतं मेंटेनन्स म्हणजे खेळाच्या बाहेरचं काहीतरी, दुकानदाराचं काम. पण हा खेळ जन्मालाच ग्रीसमध्ये आलाय. १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत काही पोरं जुन्याजुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याने उतरायची शर्यत लावायची, त्यात गॅरी फिशर आणि जो (Joe) ब्रीझ हे दोघं होते, पुढे यांनीच डोंगरासाठी म्हणून सायकली बनवल्या. तर त्या जुन्या सायकलींना ब्रेक मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत असायचा, पायडल उलटं मारलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली आलं की हब उघडून परत ग्रीस भरावं लागायचं. म्हणजे रिपॅक करावं लागायचं. त्या उताराचं आणि शर्यतीचं नावच पडलं रिपॅक. वीस वर्षांनी, १९९६ ला, अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकिंग आलं. मला ही गोष्ट इतकी आवडते ना, कारण ज्यांनी हे सुरू केलं त्यांची नखं काळीच होती.

मला ग्रीस भरायला शिकवलं ते पेठेतल्या एका सायकलवाल्या काकांनी. सत्तरीच्या पुढचे, दुकान म्हणजे एक फळी आणि वर टांगलेले टायर. त्यांच्याकडे ओव्हरऑइलिंग म्हणतात त्याला. मागचा हब उघडून छर्रे एका डब्याच्या झाकणात काढले, रॉकेलमध्ये धुतले, मोजले, हबमधल्या कपात ग्रीसचं बोट फिरवलं आणि एकेक छर्रा चिमट्याने नाही, ग्रीस लागलेल्या बोटाने उचलून बसवला. मग कोन (छर्र्यांवर बसणारा शंकू) आवळला आणि एक्सल माझ्या हातात दिला, म्हणाले "ताई, डोळ्याने बघू नका, बोटाला विचारा." हळू फिरवलं तर आत वाळू असल्यासारखं लागत होतं. त्यांनी कोन अगदी एवढासा, पाव आट्याहून कमी, सैल केला आणि परत दिला. लोण्यासारखा. हायड्रॉलिक ब्रेक त्यांनी तोवर कधी खोलला नव्हता, पण बेअरिंग काय म्हणतंय ते बोटाने कसं ऐकायचं हे मला दुसऱ्या कुणी शिकवलं नाही, आणि त्यांनी पैसे घेतले दीडशे रुपये. अशा माणसांकडे आपली पोरं पाठवा, प्लीज, नुसती शोरूमला नका नेऊ.

उलटा अनुभवही सांगते. एका पावसाळ्यात कंटाळा आला म्हणून मी सायकल गाड्या धुवायच्या सेंटरवर नेली. त्या पोराने मोठ्या प्रेशरची गन थेट क्रँकवर (पायडलच्या दांड्यांवर) आणि हबवर मारली, फोम लावला, पाच मिनिटांत सायकल नवीकोरी. मी खूश. दोन आठवड्यांनी चढावर जोर लावला की करकर, करकर, आधी वाटलं पायडल असेल, मग सीटपोस्ट. शेवटी बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पायडलच्या मधलं बेअरिंग, उघडलं तर आतून गंजाचं पाणी आलं. त्या पोराची चूक नाही, तो मोटारसायकली धुतो दिवसभर, सायकलच्या बेअरिंगवरचं रबरी सील एवढं प्रेशर सोसायला नसतंच हे मला कळायला हवं होतं.

आता मी काय करते ते सांगते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दीड बादली पाण्यात. चिखल ओला असतानाच मगने वरून पाणी सोडायचं, वाळला की खरवडावा लागतो आणि पेंट जातो. भांडी घासायचं लिक्विड, एक मऊ ब्रश फ्रेमला, एक जुना टूथब्रश डिरेलरच्या छोट्या चाकांना, तिथेच सगळी घाण साठते. डिस्क आणि पॅडच्या आसपास तेलाचा हात चुकूनही न्यायचा नाही. चेन जुन्या सुती साडीच्या तुकड्यात धरून पायडल उलटं फिरवायचं, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. पूर्ण वाळू द्यायची. मग चेनच्या आतल्या बाजूने एका कडीला एक थेंब, घाई न करता, आणि शेवटी (हे लोक विसरतात) बाहेरचं तेल परत पुसून काढायचं. तेल आतल्या पिनला हवंय, बाहेर राहिलं तर पुढच्या राईडला टेकडीची सगळी धूळ तिथे चिकटते आणि मग तीच चेनला कापते. बुटांत रद्दी पेपरचे बोळे. झालं, पंचवीस-तीस मिनिटं. डब्लूडी फॉर्टीचा स्प्रे मारून चेनला तेल दिलं समजणारे खूप आहेत, ते गंज सोडवायला ठीक आहे, चेनसाठी चेनचंच तेल आणा.

आणि ती चेन मोजायची पट्टी, जिच्यावरून भाचा गप्प झाला. दोन-पाचशे रुपयांची वस्तू. चेन झिजली की तिच्या कड्यांमधलं अंतर वाढत जातं, आणि वाढलेली चेन कॅसेटचे, म्हणजे मागच्या गिअरच्या चक्रांचे, दात खाते. अकरा-बारा गिअर असतील तर पट्टी ०.५ ला आत गेली की चेन बदलायची, आठ-नऊ-दहा गिअरला ०.७५ पर्यंत चालतं. नाही बदलली तर पुढे चेनसोबत कॅसेट पण जाते आणि मग बिल बघून लोक सायकल विकायला काढतात. मी बघितलेत असे.

काट्यांचं बोलायलाच हवं कारण पुण्यात एमटीबी म्हणजे काटे. बाभळीचा काटा आणि सराटा. पहिल्या दोन वर्षांत मी टेकडीवर इतके पंक्चर काढलेत की हात बसला. मग ट्यूबलेस केलं आणि तो प्रश्न बराचसा संपला, पण आतलं सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळतं, ते वरचेवर घालत राहावं लागतं. हवेचंही तसंच. माझं वजन ६२ किलो, २.२५ इंची टायर, मी पुढे २० आणि मागे २३ पीएसआय ठेवते. बाहेर कुणाला हवा भरायला सांगितली की तो अंगठ्याने दाबून दगडासारखा टायर करून देतो, आणि मग पावसात शेवाळलेल्या काळ्या कातळावर सायकल साबणावरून गेल्यासारखी जाते. त्या कातळावर ब्रेकही मारायचा नाही आणि वळायचंही नाही, सरळ जायचं, जमत नसेल तर उतरायचं. उतरण्यात कसली लाज.

प्रवासाचं एक. गाडीत घालताना पुढचं चाक काढलं की कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. नाहीतर वाटेत कुणीतरी लिव्हर दाबतं, दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि डेस्टिनेशनला पोचल्यावर चाक आत जातच नाही. डिरेलरची बाजू वर ठेवा. हँगर वाकला तर गिअर बसत नाहीत, आणि प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, दापोलीत बसून तो मिळणार नाही, म्हणून तो आधीच घेऊन ठेवायचा. दापोलीवरून आठवलं, बीचवर ओहोटीला सायकल चालवायला मस्त वाटतं मान्य, पण त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. आमच्यातल्या एकाने सकाळी धुतो म्हणून तशीच ठेवली, सकाळी चेन केशरी झालेली.

अजून एक गोष्ट आहे जी सायकलची नाही, वाटेची आहे, आणि मला ती खूप लागते. जोराचा पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस तरी टेकडीच्या मऊ पायवाटांवर सायकल घालू नका हो. चाकाची चर पडते, पुढच्या सरीचं पाणी तीच चर धरून वाहतं, माती जाते, वर्षभरात तिथे घळ होते. त्या दिवशी एआरएआय संस्थेकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याने चढा नाहीतर मुरमाच्या रुंद वाटेवर राहा. डबकं आलं तर त्याच्या मधूनच जा, कडेने गवतावरून गेलात की वाट रुंद होत जाते. उतारावर मागचं चाक लॉक करून घसरवत नेणं रीलमध्ये छान दिसतं, पण त्याने जमीन खरवडली जाते. आणि पायी फिरणारे आजी-आजोबा दिसले की बेल, वेग कमी, गरज पडली तर पाय खाली. ती माणसं तिथे आपल्या आधीपासून येतायत. २०२३ मध्ये टेकडी वाचवायला लोक उन्हात चालले ना, त्यात तीच सगळ्यात जास्त होती, मी बघितलंय.

तर भाच्याने शेवटी ६० च्या आतली हार्डटेल (फक्त पुढे शॉकॲब्झॉर्बर असलेली) बघितलीये, दोन दिवसांत घेतोय म्हणाला. रविवारी साडेसहाला त्याला पार्किंगमध्ये बोलावलंय, नवीन सायकलचं पुढचं चाक काढून परत लावायचं, दहा वेळा, माझ्यासमोर. मग टेकडी. अजून कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, येताना जुनी साडी आणि टूथब्रश आणा, पाणी आणि ग्रीस माझ्याकडे आहे.