खुलासा: किरण बेदी ‘पहिल्या महिला डीजीपी’ नव्हत्या

‘किरण बेदी या देशातल्या पहिल्या महिला पोलीस आणि पहिल्या महिला डीजीपी’ (म्हणजे पोलीस महासंचालक) असा मजकूर फिरतो आहे. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

बेदी १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत आल्या. त्या सेवेतल्या त्या पहिल्या महिला अधिकारी, हे खरे. पण शिपाई म्हणून महिला स्वातंत्र्याआधीपासून दलात होत्या. त्यांना असे पुसून टाकणे अन्यायाचे आहे.

डीजीपीचा गोंधळ हुद्दा आणि पद यांतला आहे. महासंचालक हा हुद्दा राज्यात एकाच वेळी अनेकांकडे असतो: होमगार्ड, तुरुंग, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. राज्याच्या संपूर्ण पोलीस दलाचा प्रमुख मात्र एकच. बेदी २००७ मध्ये निवृत्त झाल्या तेव्हा केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोच्या महासंचालक होत्या. कोणत्याही राज्याचे पोलीस दल त्यांच्या हाती कधी नव्हते.

तो मान कांचन चौधरी भट्टाचार्य यांचा. १९७३ च्या तुकडीतल्या या अधिकारी २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. महाराष्ट्राला अशी पहिली महिला प्रमुख मिळायला जानेवारी २०२४ उजाडले: रश्मी शुक्ला, तुकडी १९८८.