संधी दारात उभी आहे, डिपॉझिट घेऊन या

तुम्ही अजून नोकरीच करताय? कमाल आहे बुवा. सगळं जग ओरडून सांगतंय की भारत ही उभरती बाजारपेठ आहे, आणि तुम्ही रोज अंगठा लावून हजेरी देताय, संध्याकाळी डबा धुवायला टाकताय आणि मॅच बघत झोपताय.

आधी हे उभरती बाजारपेठ प्रकरण नीट समजून घ्या. १९८१ सालची गोष्ट, जागतिक बँकेच्या, खासगी उद्योगांना पैसा पुरवणाऱ्या आयएफसी या संस्थेमध्ये अँटोइन व्हॅन अग्टमाएल नावाचे एक गृहस्थ होते, त्यांना गरीब देशांच्या शेअर्सचा फंड काढायचा होता आणि नाव ठरवलं होतं 'थर्ड वर्ल्ड' वालं. ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, कल्पना बरी आहे पण या नावाने माल खपायचा नाही. मग त्यांनी शब्द काढला 'इमर्जिंग मार्केट्स'. आलं का ध्यानात? देश तेच, कर्ज तेच, खड्डे तेच, फक्त पाटी बदलली आणि गिऱ्हाईक आलं. आपल्याकडे पण बघा ना, टपरी म्हटलं की चहा ७ रुपये, तिलाच पिवळा बोर्ड, चार एलईडी आणि 'अमृततुल्य' चिकटवलं की १२. (पुण्यातले जुने अमृततुल्यवाले, ते पितळी स्टोव्हसमोर बसून वेलदोडा कुटणारे, यात अजिबात दोषी नाहीत, त्यांनी कुणाकडे कधी डिपॉझिट मागितलं नाही.)

तेव्हा तुम्ही चहाची फ्रँचायझी घ्या. मी घेतली होती. त्याच अधिकाराने सांगतोय.

सुरुवात सेमिनारने करा. हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात असतो, जेवण फुकट, आणि उन्हाळ्यात ब्लेझर घातलेला एक पोरगा स्क्रीनवर हिशोब मांडतो. तालुक्याची लोकसंख्या ४० हजार, माणशी दिवसाला २ चहा, म्हणजे ८० हजार कप, 'आणि सर, आपल्याला त्यातला फक्त १ टक्का पाहिजे'. ८०० कप गुणिले १० रुपये गुणिले ३० दिवस, महिन्याला २ लाख ४० हजार. इथे हात वर करून तान्ही पोरं धरलीत का, घरी चहा पिणारे धरलेत का असलं काही विचारू नका, बाकीचे लोक तुमच्याकडे असे बघतात की गुलाबजाम घशात अडकतो. आणि हिशोब काही नवा नाहीये. एकेका चिन्यानं सदरा बोटभर लांब घातला तरी आपल्या गिरण्या कायम चालतील, असं म्हणे इंग्लंडातल्या लँकेशायरचे कापडगिरणीवाले एकोणिसाव्या शतकातच मोजून बसले होते. आमच्याकडे बस स्टँड ते तहसील एवढ्या रस्त्यावर ११ दुकानं झाली चहाची, सगळी त्याच सेमिनारचा गुलाबजाम खाऊन आलेली, आणि प्रत्येकजण आपापला १ टक्का शोधतोय.

पैशाची काळजी करू नका, सरकारची मुद्रा कर्ज योजना आहे. ५० हजारापर्यंत शिशु, ५ लाखापर्यंत किशोर, १० लाखापर्यंत तरुण, आणि तरुण कर्ज फेडलंत तर २०२४ पासून २० लाखापर्यंत तरुण प्लस. म्हातारा नावाचा प्रकार ठेवलेला नाही, ती सोय हप्ते आपोआप करतात.

मग कंपनी चहाची पावडर पाठवते. ती त्यांच्याकडूनच घ्यायची, साखरसुद्धा त्यांचीच, समोरच्या किराणा दुकानात जी मिळते तीच, फक्त पुडक्यावर लोगो असल्याने महाग. कप त्यांचे, टिश्यू त्यांचे, भिंतीचा रंग त्यांचा. तोटा तेवढा तुमचा, त्याच्यावर त्यांनी कधीही हक्क सांगितला नाही, माणसं तशी सरळ आहेत.

दुपारचा वेळ मात्र शिकण्यासारखा असतो. २ ते ४ कुत्रं फिरकत नाही, पोरगं काउंटरवर डोकं टेकून रील बघतंय, माशी साखरेच्या डब्यावरून उठून बिस्किटाच्या बरणीवर बसते आणि परत येते, आणि तेवढ्यात साउंडबॉक्स खणखणीत आवाजात बोलतो, 'दहा रुपये प्राप्त झाले'. आपण ताडकन उठतो. मग कळतं की शेजारच्या दुकानातला बोलला. यूपीआय २०१६ ला आलं तेव्हा भाषणं फार झाली, पण शेजाऱ्याचा गल्ला आपल्याला मोठ्याने वाचून दाखवला जाईल हे कुणी सांगितलं नव्हतं.

घरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न येणारच. त्यासाठी स्वित्झर्लंडमधलं दावोस बघा, जिथे दरवर्षी जगभरचे नेते आणि उद्योगपती जमतात. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या राज्याने तिथे १५ लाख कोटींच्या वरचे करार केले, आता करार म्हणजे काय पैसे नव्हेत, पण ऐकायला किती बरं वाटतं. तुम्ही पण बायकोला 'विक्री झाली नाही' असं म्हणू नका, 'बोलणी प्रगतीपथावर आहेत' म्हणा. आणि तिने आकडाच मागितला तर देशाचा द्या. देशाची अर्थव्यवस्था ४ ट्रिलियन डॉलरच्या आसपास आलीये, तिला १४० कोटींनी भागलं की माणशी वर्षाला २,८५० डॉलर वगैरे पडतात, पण असल्या आनंदाच्या गोष्टीत भागाकार करायचा नसतो. ५ ट्रिलियन तर २०२४-२५ पर्यंतच होणार होते, ते जरा पुढे सरकलंय. तुमच्या हप्त्याला ती सवलत नाही, तो ५ तारखेलाच.

आमचं दुकान १४ महिने चाललं. शटर ओढलं त्या आठवड्यात त्याच पोराचा फोन, ब्लेझरवाल्या, 'सर, चहा सॅच्युरेट झालाय, आता मिसळ बघा'. बघतोय.

सामान सगळं स्टँडमागच्या लिंबाखालच्या काकांनी घेतलं, त्यांचा गाडा बावीस वर्षं तिथेच आहे आणि उभरती बाजारपेठ वगैरे त्यांच्या कानावर आलेलं नाही. स्टुलं १५० ला एक, घासाघीस करून. फ्लेक्सचे पैसे मी मागितले नाहीत. आता पावसाळ्यात त्यांनी तोच गाड्यावर ताणून बांधलाय, छापलेली बाजू आत. मी रोज तिथे चहा घेतो, ७ रुपये, आणि कपातून मान वर केली की बरोब्बर डोक्यावर येतं: 'फ्रँचायझीसाठी आजच संपर्क करा'.