उंदराचं वाटोळं

थीम पार्कमधल्या चित्रकलेच्या वर्गात लोक चित्रकला शिकायला जातात, असा एक गैरसमज आहे. लोक तिथे टेकायला जातात. सकाळपासून आमचं अकरा किलोमीटर चालणं झालं होतं, आणि त्यातलं निम्मं रांगेत. रांगेतही किलोमीटर होतात हे मला त्या दिवशी कळलं. दुपारी पायांनी असहकार पुकारला, तेवढ्यात एका दारावर पाटी दिसली : कार्टून काढायला शिका.

"आत एसी असेल," बायको म्हणाली.

"खुर्च्याही असतील," अण्णा म्हणाले. कलेची ओढ म्हणतात ती हीच.

अण्णा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी एका ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांचे सुटे भाग काढले. समोरून, बाजूने आणि वरून. त्यामुळे अण्णा कुठल्याही वस्तूकडे तीनदा बघतात. लग्न ठरवताना माझ्याकडेही तसंच बघितलं होतं म्हणे. माझी चित्रकला मात्र दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि आकाशात आडव्या पडलेल्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी, इथे येऊन कायमची थांबलेली. आमची आठ वर्षांची कन्या या दोघांच्या मध्ये बसली.

आत उतरत्या टेबलांच्या रांगा होत्या. प्रत्येकासमोर एक कोरा कागद आणि एक पेन्सिल. खोडरबर नव्हता. हे मी दोनदा तपासलं. टेबलाखाली वाकूनही बघितलं. समोर मोठा पडदा, आणि शिकवणाऱ्या मुलीचा हात त्यावर दिसत होता, आपल्या डोक्याएवढ्या अंगठ्यासकट. आज मिकी माऊस काढायचा आहे, असं तिने सांगितल्यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आपल्याकडे करायला गेलो गणपती आणि झाला मारुती अशी म्हण आहे. इथे तर नुसतं वाहनच काढायचं होतं.

"आधी एक वर्तुळ काढा," ती म्हणाली. "अगदी हलक्या हाताने."

तिने मनगट न टेकता, खांद्यापासून हात फिरवला आणि पडद्यावर वर्तुळ उमटलं. मीही फिरवला. अडचण अशी झाली, की माझ्या वर्तुळाची सुरुवात आणि शेवट यांची गाठच पडेना. दोघं शेजारून निघून गेले, भांडलेल्या भावांसारखे. मग दोघांना जोडायला मी एक छोटी रेघ टाकली, तर वर्तुळाला शेपूट फुटलं. उंदराला ते कधीतरी फुटणारच होतं, पण डोक्याला नव्हे. वर्तुळाला गोल म्हणतात आणि वाटोळंही म्हणतात, यामागचा पूर्वजांचा अनुभव मला त्या क्षणी समजला.

त्यात तो हलका हात. आयुष्यभर कार्बन पेपर घालून तीन-तीन प्रती काढलेल्या माणसाकडे हलका हात कुठून यायचा? खरं तर ही पहिली वर्तुळं आणि रेषा चित्राच्या आधाराला असतात. त्यांच्यावर पुढे गडद रेषा चढतात आणि त्या पुसट होऊन जातात. माझ्या आधाररेषा पुसट होणार नव्हत्या. त्या टेबलावरही उमटल्या होत्या.

पुढची पायरी पृथ्वीगोलावर असतात तशा दोन वळणदार रेषांची : एक उभी, एक आडवी. त्या जिकडे झुकतील तिकडे चेहरा वळतो. ही युक्ती मला मनापासून आवडली. सपाट कागदावर डोकं एकदम चेंडूसारखं फुगीर होतं. तिचं झालं. माझ्या रेषा सरळ आल्या, आणि बंदुकीच्या दुर्बिणीतून सावज दिसावं तसा माझा उंदीर दिसू लागला.

मग कान आले, आणि अण्णा उठून उभे राहिले.

झालं असं, की मुलगी सहज बोलून गेली : मिकी कुठेही वळला तरी त्याचे कान गोलच दिसतात.

"बाजूनेही?" अण्णांनी विचारलं.

"बाजूनेही."

"कसं शक्य आहे? समोरून गोल आहे ना? मग साइड व्ह्यूमध्ये तो ताटलीच्या कडेसारखा दिसला पाहिजे. दोन्हीकडून गोल दिसतो तो कान नव्हे. तो चेंडू."

"अण्णा, बसा," बायको कुजबुजली.

पण मुलगी खरंच गुणी होती. तिने पडद्यावर बाजूने बघणारा मिकी काढून दाखवला. एक कान कपाळाकडे सरकलेला, दुसरा मानेकडे, आणि दोन्ही साबूत गोल. मुळात तीन वर्तुळांच्या सावलीवरूनच तो ओळखू येतो, म्हणून कानांना आडवं होण्याची परवानगी नाही. १९२८ साली वॉल्ट डिस्ने आणि अब आयवर्क्स यांनी हा उंदीर घडवला, तेव्हा हजारो चित्रं हाताने आणि भराभर काढायची असत. वर्तुळ काढायला सोपं, म्हणून सगळा उंदीर वर्तुळांचा. हे 'सोपं' ऐकून मी माझ्या कागदावर हात ठेवला.

अण्णा बसले, पण निषेध नोंदवून सही करणाऱ्या माणसासारखे. आपल्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात चौकट आखून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : नॉट टू स्केल.

त्यानंतर मुलगी जे सांगत गेली त्याने ते थोडे निवळले. मिकीच्या हाताला तीन बोटं आणि एक अंगठा, कारण चित्रामागे एक बोट वाचलं की चित्रपटात हजारो बोटं वाचतात. "हे पटलं," अण्णा म्हणाले. हातमोजे १९२९ मध्ये आले. त्याआधी काळ्या अंगापुढे काळे हात आले की दिसेनासे होत. हेही पटलं. पहिली दहाएक वर्षं त्याचे डोळे म्हणजे नुसते काळे लंबगोल ठिपके असत. पांढऱ्यात बुबुळ असलेले डोळे १९३९ साली आले. ही माहिती ऐकता ऐकता मी डोळे काढत होतो, त्यामुळे माझ्या उंदराचा डावा डोळा १९२८चा आणि उजवा १९३९चा झाला.

चित्रपटात सेकंदाला चोवीस फ्रेम्स असतात आणि हाताने काढताना बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम्सना पुरवतात, असं तिने सांगितलं मात्र, अण्णांची पेन्सिल समासात चालू लागली. सेकंदाला बारा चित्रं. सात मिनिटांच्या चित्रपटाला ५०४०. मग त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्या कागदाकडे आणि नंतर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"जावईबापू, तुम्हाला एका चित्राला पंचवीस मिनिटं लागताहेत. म्हणजे २१०० तास. न जेवता, न झोपता साडेसत्त्याऐंशी दिवस." जरा थांबून त्यांनी जोड दिली, "आणि प्रत्येक चित्रात उंदीर वेगळा."

यापुढे जे झालं ते मी मुद्दाम केलेलं नाही, हे मला लिहून ठेवायचं आहे. पुढच्या पिढ्यांसाठी नाही, बायकोसाठी.

शेवटची पायरी हावभावाची होती. मुलगी म्हणाली, अ‍ॅनिमेटर टेबलावर छोटा आरसा ठेवतात, त्यात स्वतःच तोंडं वेडीवाकडी करतात आणि बघून काढतात. आमच्यापुढे आरसा नव्हता. माझ्यापुढे अण्णा होते. मी गालाची रेषा ओढली, ती जरा खाली ओघळली. हसू वर न्यायचं होतं, पण ते एका टोकाला वर गेलं आणि दुसऱ्या टोकाला हिशेब तपासत थांबलं. भुवईची जागा चुकली, ती लपवायला मी तिच्याखाली एक रेघ मारली. मग समतोल म्हणून दुसरीकडेही मारली. दोन्ही मिळून चष्मा झाला. नाकाचा लंबगोल थोडा खाली सरकला, आणि एकदम त्या उंदराच्या तोंडावर 'हे कसं शक्य आहे?' असा भाव आला.

"आता सगळ्यांनी आपापली चित्रं डोक्यावर धरा!" मुलगी म्हणाली. खोलीभर मिकी वर झाले. कन्येचा तर पडद्यावरून उडी मारून आल्यासारखा होता. तिने सांगितलेलं ऐकलं होतं, तेवढंच. अण्णांचा मिकी तीन बाजूंनी होता, आणि साइड व्ह्यूमध्ये त्याच्या डोक्यावर कानाच्या जागी दोन बारीक उभ्या पट्ट्या होत्या. मी माझा कागद छातीपर्यंतच वर केला.

"अय्या, आजोबा!" कन्या ओरडली.

शेजारच्या टेबलावरचं कुटुंब वळलं. त्यांनी कागद बघितला, अण्णांना बघितलं, आणि सभ्यपणे पुन्हा समोर तोंड केलं. बायकोने ओढणी तोंडावर धरली. ती हसत होती की संतापली होती, हे मला अजूनही माहीत नाही. अण्णांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो समोरून पाहिला, मग डोळ्याच्या पातळीत आडवा धरून पाहिला, मग टेबलावर ठेवून वरून पाहिला.

"कान मोठे झालेत," एवढंच म्हणाले, आणि कागद गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवला.

रात्री हॉटेलच्या खोलीत सगळे आडवे झाले, तरी बाथरूमचा दिवा बराच वेळ चालू होता. दार अर्धवट लोटलेलं. पाणी प्यायला उठलो, तर अण्णा बेसिनवरच्या आरशासमोर उभे. मान हळूहळू डावीकडे वळवायची आणि डोळे उजवीकडेच ठेवायचे. मग मान उजवीकडे, डोळे डावीकडे. हातात वर्गातली पेन्सिल होती, ती कानाला लावून ते काहीतरी मोजत होते.

"बाजूने गोल नाहीच दिसत," ते आरशाला म्हणाले.