चौदा महिन्यांची डुलकी

पडद्यावर अंतराळयान संथपणे सरकायला लागलं आणि मागे ऑर्गन घुमायला लागला, की माझ्या पापण्या जड होतात. काळोख, गारवा, मागे रेलणारी खुर्ची आणि समोर अथांग पोकळी. एवढा साग्रसंगीत बेत जमून आल्यावर माणसाने जागं राहायचं तरी कसं? पण हे उघड बोलायची सोय नाही. माझे मित्र सिनेमावेडे आहेत आणि त्यांचा खरा सिनेमा सुरू होतो तो सिनेमा सुटल्यावर.

थ्रीडी असला तर निभावून जातं. 2022 मधला 'अवतार'चा दुसरा भाग तीन तासांहून मोठा होता. त्या काळ्या चष्म्याआड मी समुद्राच्या तळाशी सुखाने पहुडलो, कोणाला पत्ताही लागला नाही. 'इंटरस्टेलर' दशकपूर्तीला पुन्हा मोठ्या पडद्यावर लागला तेव्हा मात्र हे छत्र नव्हतं. यान पाण्याच्या ग्रहावर उतरलं, मंडळी गुडघाभर पाण्यात चालू लागली, लांब डोंगर दिसला, तो डोंगर नसून लाट आहे असं कळलं आणि नेमका तिथे माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा नायक तेवीस वर्षांचे साठलेले निरोप बघत ढसाढसा रडत होता. माझ्या पोटात गोळाच आला. हळूच फोन काढून तारीख पाहिली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

बाहेर पार्किंगमध्येच अड्डा जमला. आमच्यातल्या एकाला भौतिकशास्त्र समजावून सांगायची भयंकर हौस. आम्ही त्याला विज्ञानमंत्री म्हणतो. त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं कशी, हे त्याला सांगायचं होतं आणि ऐकायला त्याने बकरा निवडला तो मी. त्याने माझ्या नाकावरचा चष्मा काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवला. हे कृष्णविवर. शेजारी किल्ली, तो ग्रह. विवराजवळ गुरुत्वाकर्षण प्रचंड, म्हणून काळ मंदावतो. पण इतका मंदावायचा तर विवराने स्वतःभोवती अफाट वेगाने फिरायला हवं. सिनेमासाठी हे गणित भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी केलं, ज्यांना पुढे 2017 मध्ये नोबेल मिळालं. "असं फिरतं बघ," म्हणत त्याने माझा चष्मा बॉनेटवर गरगरवला.

चष्मा नसल्यामुळे मला ना ग्रह दिसत होता ना बॉनेट. मी आवाजाच्या दिशेने मान डोलावत राहिलो. मनात हिशोब चालू होता: तासाला सात वर्षं, तर दहा मिनिटांच्या डुलकीला चौदा महिने. त्या मानाने तब्येत चांगली राहिली होती म्हणायची.

मग आलं वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या ठिकाणांना जोडणारा बोगदा. त्याला कागद लागतो. तो दुमडायचा आणि आरपार पेन खुपसायचं. माझ्या हातातली पार्किंगची पावती विज्ञानाच्या कामी आली.

"आता कळलं?"

अशा वेळेसाठी माझ्याकडे एक ठेवणीतला प्रश्न आहे. कपाळाला आठ्या घालायच्या, दूर कुठेतरी बघायचं आणि सावकाश म्हणायचं, "ते ठीक आहे रे, पण मग काळाचं काय?" विज्ञानकथेच्या कुठल्याही सिनेमाला हा प्रश्न लागू पडतो. 'ड्यून'लासुद्धा पडला होता. विज्ञानमंत्री गप्प झाला. दुसरा म्हणाला, "मुद्दा आहे हां." आणि दोघांची अशी जुंपली की मला चष्मा शोधून पुसायलाही सवड मिळाली.

अ‍ॅनिमेशनच्या बाबतीत ही मात्रा चालत नाही. तिथे आमच्या एका मैत्रिणीचं राज्य आहे. तिच्यासमोर मी एकदा 'कार्टून' म्हणालो होतो. त्यानंतरचा अर्धा तास मला आठवायचा नाही. तिच्याच घरी 2018 चा 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' बघताना चित्र मधूनच अडखळतंय असं मला वाटलं. मदतीच्या भावनेने उठून मी राउटर बंद करून चालू केला. दोनदा. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा तिने माझा शर्ट धरला. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात. नवखा स्पायडर-मॅन माइल्स सुरुवातीला धडपडतोय हे दिसावं म्हणून त्याची मुद्रा मुद्दाम दोन फ्रेमनंतर बदलते, म्हणजे सेकंदाला बाराच. शेजारच्या मुरलेल्या स्पायडर-मॅन पीटरच्या हालचाली पूर्ण चोवीस. हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. माझी नजर राउटरवरच्या लाल दिव्याकडे होती.

तिनेच मग 'फ्लो' दाखवला. लॅटव्हियाचा, फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर सॉफ्टवेअरवर केलेला, 2025 चा ऑस्कर मिळालेला. पुरात सापडलेलं एक मांजर, एक होडी, होडीत जमलेले प्राणी आणि अख्ख्या सिनेमात एकही संवाद नाही. मी मनाशी म्हटलं, आज काही आपण वाचत नाही. पण मांजर पाण्यात पडलं की मी पाय वर घेत होतो. शेवटपर्यंत टक्क जागा. आणि त्या होडीत एक कॅपिबारा, म्हणजे उंदराच्या कुळातला भलामोठा प्राणी, आहे, जिथे जागा मिळेल तिथे अंग टाकून झोपणारा. पूर काय, वादळ काय, त्याला कसली फिकीर नाही. उठल्यावर कोणी त्याला "कळलं का?" असंही विचारत नाही.

"त्याचा आवाज खरं तर उंटाच्या पिल्लाचा आहे," मैत्रीण म्हणाली. "तुला कोण आवडलं?"

"कॅपिबारा," मी तत्काळ म्हणालो. फारच तत्काळ.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "एक खरं सांग. त्या दिवशी 'इंटरस्टेलर'ला तू झोपला होतास ना?"

मी कपाळाला आठ्या घातल्या आणि खिडकीबाहेर दूर कुठेतरी बघितलं.