‘आमच्याकडे’ म्हणजे नक्की कोणाकडे?

गेले चार दिवस आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद चालू आहे. कोणीतरी एक व्हिडिओ टाकला, त्यात परदेशात शिकणारी एक मुलगी वर्गातल्या गोऱ्या मुलांना सांगतेय की भारतात मुलींना संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडू देत नाहीत. झालं! दादाने लिहिलं, बाहेर जाऊन देशाची बदनामी करणाऱ्यांचे पासपोर्ट काढून घेतले पाहिजेत. धाकटी म्हणाली, खोटं काय बोलली ती? मग दोन्हीकडून नुसती वादावादी. मी एवढंच लिहिलं की तिने "भारतात" ऐवजी "माझ्या घरी" म्हटलं असतं तर भांडायला काही उरलंच नसतं. त्यावर दादाचं उत्तर, "तुम्ही लोकांनी तिकडे बसून आम्हाला शिकवू नका."

तुम्ही लोकांनी. हे मला म्हणाला तो, ज्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेले.

आज रविवार, इथे जर्मनीत रविवारी आवाज नको म्हणून काचेच्या बाटल्या टाकायलाही बाहेर जाता येत नाही, त्यामुळे डोक्यात दिवसभर हेच.

दादाचं काय चुकतंय तर त्याला फक्त वाईट बोललेलं खुपतं. पण आम्ही बाहेरचे लोक चांगलं जे बोलतो ना, तेही तितकंच खोटं असतं, त्यावर कोणी पासपोर्ट मागत नाही. बारा वर्षांपूर्वी श्टुटगार्टला आले तेव्हा भाषेच्या वर्गात मी उभं राहून सांगितलं होतं की आमच्याकडे म्हाताऱ्या आईवडिलांना कोणी एकटं ठेवत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मला फार छान वाटलं. आई तेव्हा एकटीच राहत होती. आजही राहते.

आणि "भारतात असं असतं" हे वाक्य मुळात पेलणार कसं? २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, म्हणजे आख्ख्या जर्मनीत जेवढी माणसं आहेत जवळजवळ तेवढी, आणि मराठी ही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एक. इथे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, तुम्ही सगळे शाकाहारी ना? प्यू नावाच्या संस्थेने २०१९-२० मध्ये आपल्याकडच्या सुमारे ३० हजार लोकांना विचारलं तेव्हा ३९ टक्के स्वतःला शाकाहारी म्हणाले. मग ही समजूत कुठून आली? आमच्यासारख्यांनीच पसरवली. बाहेर आधी कोण पोचलं, कोणाला व्हिसा मिळाला, इंग्रजी कोणाला येत होतं, त्यांचं घर म्हणजे भारत झाला.

इथल्या लोकांचंही तसंच होतं, पण त्यांना टोकणारा शेजारीच बसलेला असतो. आमच्या कँटीनमध्ये लाइपझिगची एक सहकारी आहे, ती "बाय उन्स", म्हणजे जर्मनमधलं आमच्याकडे, म्हणाली की तिला जर्मनी म्हणायचं नसतं, पूर्व जर्मनी म्हणायचं असतं, जो देश १९९० सालीच संपला. ती म्हणाली, आमच्याकडे आई कामावर जाणार हे गृहीतच होतं. समोरचा श्वाबेनमधला, म्हणजे पश्चिमेकडच्या आमच्या श्टुटगार्टच्या भागातला, म्हणाला, आमच्याकडे १९७७ पर्यंत घरकाम बायकोचं असं कायद्यातच लिहिलं होतं. भाषा एक, टेबल एक, आणि आमच्याकडे दोन. लगेच हिशोब चुकता झाला. माझ्या आमच्याकडेला मात्र त्या टेबलावर कोणीच हरकत घेत नव्हतं, आणि मला त्याची सवय लागली होती.

मग दोन वर्षांपूर्वी आमच्या डिपार्टमेंटला एक मराठी मुलगा जॉइन झाला. पहिल्याच आठवड्यात जेवताना त्या लाइपझिगवालीने जातींबद्दल विचारलं आणि मी नेहमीचं उत्तर दिलं, की खेड्यात असेल अजून, पण शहरात शिकलेल्या लोकांत कोणी विचारत नाही. हे मी शंभर वेळा म्हटलं असेन. तो मुलगा ताटात बघत राहिला, एक शब्द बोलला नाही. नंतर कॉफी मशीनपाशी हळूच मराठीत म्हणाला, "ताई, तुम्हाला कोणी विचारलं नसेल." मी ज्या शहराबद्दल एवढ्या खात्रीने बोलत होते तिथेच त्याला आडनाव सांगितल्यावर दोन वेळा भाड्याचं घर नाकारलं होतं. लोकांसमोर त्याने मला खोटं पाडलं नाही, हे मला जास्त लागलं.

घरी येऊन शोधलं. २०११-१२ च्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीत जातीबाहेर झालेली लग्नं ५ टक्क्यांच्या आसपास निघाली होती. शोधायची खरं तर गरजच नव्हती, माझं स्वतःचं लग्न जातीतच झालंय, पत्रिका बघून, आणि हे मी त्या टेबलावर कधीच सांगितलं नव्हतं.

दादा म्हणेल, बघ म्हणजे शेवटी बदनामीच करायची तुला. नाही रे. मला एवढंच म्हणायचंय की जे सांगायचं ते नाव, गाव, घर धरून सांगावं. आमच्या गल्लीतल्या फुटपाथमध्ये तीन पितळी श्टोल्परश्टाइन आहेत, म्हणजे नाझींनी नेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी त्यांच्या दारापुढे बसवलेले छोटे दगड, "इथे राहत होते", मग नाव, जन्माचं साल, कधी नेलं, कुठे मारलं. असे युरोपभर एक लाखाहून जास्त बसवलेत. त्यावर "आम्ही जर्मन असे होतो" असं कुठेच लिहिलेलं नाही, या दारातून या माणसाला नेलं एवढंच, आणि त्याने देशाची बदनामी झाली असं निदान माझ्या ओळखीतलं तरी कोणी म्हणत नाही. आपल्याकडे हे कधी जमणार, असा विचार मी तिथून जाताना रोज करते. म्हणजे पुन्हा "आपल्याकडे" आलंच, आणि सगळ्या देशाला एका वाक्यात बसवून मोकळी झाले.

मराठीत आम्ही वेगळं आणि आपण वेगळं, हे मला इथे येऊन कळलं. जर्मनला "बाय उन्स" पुरतं, ऐकणारा त्यात धरलाय की नाही ते कळत नाही. आपल्याला पहिल्या शब्दातच ठरवावं लागतं. आणि बारा वर्षं मी रोज "आमच्याकडे" म्हणतेय, कारण समोरचा नेहमी बाहेरचा. "आपल्याकडे" म्हणायला समोर आपलं माणूस लागतं, ते आठवड्यातून एकदा फोनवर. तो मुलगा आला तेव्हा मला खरं तर केवढा आनंद झाला होता, चला, आता आपण म्हणायला कोणीतरी आहे. आणि पहिल्याच आठवड्यात मी त्याला वगळून बोलले.

दादाला काय उत्तर द्यावं म्हणून दुपारी ग्रुप वर वर स्क्रोल करत गेले. "तुम्ही लोकांनी" इतकं का झोंबलं ते बघायचं होतं. जूनमधला माझाच मेसेज सापडला, "तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का?" त्याच्या आधीच्या वर्षीही, तेच. "तुमच्याकडे लाइट गेले का, तुमच्याकडे गणपतीची सुट्टी किती." मी किती वर्षं मागे गेले तरी "आपल्याकडे" सापडलं नाही, आणि दादाने त्या प्रत्येक मेसेजला उत्तर दिलेलं होतं.